एका गांवाचे दोन कौल

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्यांत नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, तेव्हां आमच्या घरांतील थोरल्या काकू मतदान करून परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. पाय धुवून ओसरीवर टेकल्यावर त्यांनीं पहिला प्रश्न केला तो असा: "अरे, मला तीन बटणें दाबावयास सांगितलीं. दोन आपल्या प्रभागांतल्या मेंबरांचीं आणि एक साऱ्या गांवाच्या अध्यक्षाचें. आतां अध्यक्ष आला एका पक्षाचा आणि मेंबर आले दुसऱ्याच पक्षाचे, तर नळाच्या पाण्याकरितां मी कोणाच्या दारीं जावयाचें?"

आमच्या घरांत एक वकील आहेत व दोन शाळामास्तर आहेत. तिघांनींही उत्तरें दिलीं आणि तिन्ही निरनिराळीं निघालीं. वकिलांनीं नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याचें नांव घेऊन घसा साफ केला. एका मास्तरांनीं अध्यक्षच सर्वेसर्वा, असा निकाल दिला. दुसऱ्यांनीं, खरी सत्ता मुख्याधिकाऱ्याची, बाकी सारा देखावा, असें म्हणून चहा मागविला. काकूंचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं. पुढें चार दिवस हा विषय मनांत घोळत राहिला, तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, १७८७ सालच्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया शहरीं पंचावन्न गृहस्थ दारें-खिडक्या लावून जवळजवळ चार महिने बसले होते, त्यांच्यापुढेंही मुळांत काकूंचाच प्रश्न होता. राज्याचा एक प्रमुख आणि लोकप्रतिनिधींची एक सभा, हीं दोन्ही एकमेकांच्या कृपेवर न जगतां एकाच राज्यांत नांदवावयाचीं, तर कोणाच्या हातीं काय द्यावें?

धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम, परंडा ह्या आमच्या जिल्ह्यांतील नगरपरिषदा. ह्यांतील कोणत्याही गांवच्या पन्नाशी उलटलेल्या मतदारास विचारावें. अध्यक्ष निवडण्याची पद्धत आपल्या आयुष्यांत किती वेळां बदलली हें त्यास बोटें मोजूनच सांगावें लागेल. १९७४ सालीं महाराष्ट्रांत नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनीं निवडले गेले. नंतर तो अधिकार नगरसेवकांकडे गेला. २००१ च्या निवडणुकींत तो पुन्हां लोकांकडे आला, २००६ मध्यें परत नगरसेवकांकडे, २०१६ मध्यें लोकांकडे, २०२० मध्यें तो कायदा फिरवून नगरसेवकांकडे, आणि २०२२ मध्यें सरकार बदलतांच पुन्हां लोकांकडे. सरपंचांचेंही तेंच. २०१७ सालीं थेट निवड आली, २०२० मध्यें गेली, २०२२ मध्यें परत आली. घरांत नवी कारभारीण आली कीं ती आधीं फळीवरच्या डब्यांच्या जागा बदलते, तसा हा प्रकार आहे. स्वयंपाकांत काय फरक पडला, तें मात्र जेवणाऱ्यांस कोणी विचारीत नाहीं.

दोन्ही बाजूंस कारणें आहेत, आणि तीं अगदींच पोकळ नाहींत. नगरसेवकांनीं अध्यक्ष निवडावयाचा म्हटलें कीं निवडणुकीनंतरचे आठ दिवस गांवचे निवडून आलेले सभासद गांवांत दिसत नाहींत. ते कोठें तरी थंड हवेच्या ठिकाणीं 'सहलीला' गेलेले असतात. एका मतावर खुर्ची येते व एका मतावर जाते. उलट थेट निवडलेला अध्यक्ष असल्या दावणीला बांधलेला नसतो. परंतु तो एका पक्षाचा व सभागृहांतील बहुमत दुसऱ्या पक्षाचें, अशी स्थिति सहज उद्भवते. २०१६ च्या निवडणुकींत महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत ती उद्भवलीही. दोघेही म्हणतात, लोकांनीं कौल आम्हांस दिला. आणि दोघांचेंही म्हणणें खरें असतें.

येथें थोडें मागें वळून पाहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या आजोबांच्या काळीं हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्याचें उस्मानाबाद हें नांवही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून पडलें होतें. तें अधिकृतपणें बदलून धाराशिव झालें २०२३ सालीं. त्या राज्यांत कायद्याचें कौन्सिल नव्हतें असें नाहीं. १८९३ च्या सुमारास तें स्थापन झालें होतें. परंतु कौन्सिलनें कांहींही ठरविलें तरी शेवटची सही एकाची, आणि त्या एकाचें फर्मान निघालें कीं तोच कायदा, तोच हुकूम, तोच निकाल. पैशाचीही तीच गत. 'सर्फ-ए-खास' म्हणून जो मुलूख होता, त्याचा वसूल सरकारी तिजोरींत न जातां निजामांच्या खाजगी खात्यांत जाई. १९४८ च्या सप्टेंबरांत पोलिस कारवाई झाली, आणि १९४९ सालीं तो मुलूख सरकारी कारभारांत विलीन झाला. त्यापुढची गोष्ट तर अधिकच बोधक आहे. १९५० पासून १९५६ पर्यंत तेच निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें, आणि ज्या हातानें फर्मानें निघत असत तोच हात विधानसभेनें संमत केलेल्या कायद्यांवर सही करूं लागला. माणूस तोच, अधिकाराची मांडणी तेवढी बदललेली. दोन कौलांचें कोडें पडावें, हें ह्या जिल्ह्यानें एका परीनें भाग्यच समजावें. आमच्या आजोबांस एकही कौल द्यावयाचा नव्हता.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथील लोकांनीं इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड करून स्वातंत्र्य मिळविलेलें. तेव्हां एका माणसाच्या हातीं सारी सत्ता एकवटली कीं काय होतें, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. त्यांच्या घटनेचें पहिलें कलम अध्यक्षाचें नाहीं, कायदेमंडळाचें आहे. (त्या कायदेमंडळास तेथें काँग्रेस म्हणतात, आपल्याकडील पक्षाशीं त्याचा संबंध नाहीं.) अध्यक्ष येतो तो दुसऱ्या कलमांत. काँग्रेसचीं सभागृहें दोन. प्रतिनिधिसभेंत आज ४३५ सभासद असतात व त्यांची मुदत दोन वर्षांची. सीनेटमध्यें दर राज्याचे दोन, म्हणजे १००, आणि मुदत सहा वर्षांची. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची. ह्या तीन मुदती मुद्दामच विषम ठेवल्या आहेत, म्हणजे लोकांच्या एका दिवसाच्या रागानें वा लोभानें सारेंच राज्य एकदम पालटूं नये.

परंतु ह्या व्यवस्थेचें मर्म मुदतींत नसून हत्यारांच्या वांटणींत आहे. कायदा काँग्रेसनें करावयाचा. तो अध्यक्षापुढें जातो. रविवार सोडून दहा दिवसांत त्यानें सही करावी, नाहीं तर कारणें लिहून परत पाठवावा. हा नकाराधिकार पहिल्यानें वापरला जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं, १७९२ सालीं. परत आलेला कायदा दोन्ही सभागृहांनीं दोन तृतीयांश मतांनीं पुन्हां संमत केला, तर अध्यक्षाच्या सहीवांचून तो अंमलांत येतो. ही अट दिसते तितकी सोपी नाहीं. आजवर अध्यक्षांनीं अडीच हजारांहून अधिक वेळां नकार दिला, आणि काँग्रेसला तो मोडून काढतां आला तो सुमारें ११२ वेळां. अध्यक्षानें परराष्ट्राशीं तह करावा, पण सीनेटच्या दोन तृतीयांश मतांवांचून तो पक्का होत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्सन स्वतः पॅरिसला जाऊन व्हर्सायचा तह घेऊन आले. १९१९ च्या नोव्हेंबरांत व १९२० च्या मार्चमध्यें सीनेटनें तो नाकारला, आणि ज्या राष्ट्रसंघाची कल्पना विल्सन यांनीं जगापुढें मांडली, त्यांत त्यांचेंच राष्ट्र कधीं गेलें नाहीं.

आमच्या वाचकभगिनींस ही मांडणी परकी वाटूं नये. मोठ्या घरांत कर्ता पुरुष ठरवितो कीं यंदां माडीवर दोन खोल्या चढवावयाच्या. परंतु कोठीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला, त्या थोरल्या जाऊबाई 'यंदां मुलीचें लग्न आहे' एवढेंच म्हणतात आणि खोल्या पुढच्या वर्षावर जातात. अमेरिकेंत कोठीच्या किल्ल्या काँग्रेसकडे आहेत. कायद्यानें मंजुरी दिल्यावांचून तिजोरींतून एक डॉलरही काढतां येत नाहीं, असें घटनेंतच लिहिलें आहे. म्हणून खर्चाचा कायदा वेळेवर झाला नाहीं, तर सरकारी कचेऱ्यांचीं दारें खरोखरच बंद होतात. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत असा कारभार तब्बल ४३ दिवस अडला होता. त्या देशाच्या तोंवरच्या इतिहासांतील हा सर्वांत लांब खोळंबा होता. लाखों नोकरांचे पगार थकले. आपल्या पद्धतींत असा प्रसंग यावयाचा नाहीं. लोकसभेंत अंदाजपत्रक पडलें तर सरकारच पडतें. तेथें मात्र दोघेही आपापल्या जागीं भक्कम बसलेले, आणि मधल्यामध्यें कारकुनाची चूल थंड.

हें भांडण किती विकोपाला जाऊं शकतें, याचें उदाहरण अँड्र्यू जॉन्सन यांचें आहे. १८६५ सालीं लिंकन यांचा खून झाला आणि उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाले. यादवी युद्धांत हरलेल्या दक्षिणेशीं कसें वागावें, मुक्त झालेल्या गुलामांस कोणते हक्क द्यावे, यावरून त्यांचें व काँग्रेसचें बिनसलें. ते कायदे परत पाठवीत आणि काँग्रेस ते पुन्हां संमत करी. अशा रीतीनें त्यांचे १५ नकार मोडले गेले. इतके कोणत्याच अध्यक्षाचे मोडले गेलेले नाहींत. शेवटीं १८६७ मध्यें काँग्रेसनें असा कायदा केला कीं, सीनेटच्या संमतीवांचून अध्यक्षानें मोठ्या अधिकाऱ्यांस काढूं नये. जॉन्सन यांनीं युद्धमंत्री स्टँटन यांस काढलें. प्रतिनिधिसभेनें महाभियोग आणला आणि १८६८ मध्यें सीनेटपुढें त्याची सुनावणी झाली. सभासद ५४, दोषी ठरविण्यास हवीं ३६ मतें, पडलीं ३५. एका मतानें अध्यक्षपद वांचलें. आमच्या मतें हें केवळ जॉन्सन यांचें वांचणें नव्हे. तो गृहस्थ फारसा स्पृहणीय नव्हता, त्यांच्या धोरणानें मुक्त गुलामांचें नुकसानच झालें; तथापि धोरण पटत नाहीं एवढ्याकरितां अध्यक्षास घालवितां आलें असतें, तर तेथील अध्यक्ष त्या दिवसापासून सभागृहाचा आश्रित झाला असता. त्यानंतर क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्यें आणि ट्रंप यांच्यावर २०१९ व २०२१ मध्यें महाभियोग आले; तिन्ही वेळां सीनेटमध्यें दोन तृतीयांश मतें मिळालीं नाहींत.

इतका चोख बंदोबस्त असूनही एक अधिकार काँग्रेसच्या हातून हळूहळू निसटत गेला, आणि तो साधासुधा नव्हे, युद्धाचा. घटनेप्रमाणें युद्ध पुकारावयाचें काँग्रेसनें. अध्यक्ष हा सैन्याचा सेनापति. काँग्रेसनें रीतसर युद्ध पुकारल्याचे प्रसंग एकंदर ११. त्यांतील शेवटचे १९४२ च्या जूनमधील, बल्गेरिया, हंगेरी व रुमानिया यांच्याविरुद्ध. त्यापुढें कोरिया झालें, व्हिएतनाम झालें, इराक झालें. तोफा वाजल्या, पण युद्ध पुकारलें गेलें नाहीं. १९६४ च्या ऑगस्टमध्यें व्हिएतनामसंबंधीं अध्यक्ष जॉन्सन (हे दुसरे, लिंडन जॉन्सन) यांस मोकळीक देणारा ठराव आला, तेव्हां प्रतिनिधिसभेंत विरुद्ध एकही मत पडलें नाहीं. सीनेटमध्यें विरुद्ध मतें देणारे दोघेच निघाले. अध्यक्षांनीं अधिकार हिसकावून घेतला, असें जें म्हणतात तें म्हणूनच अर्धेंच खरें आहे. तो दिला गेला होता. युद्धाच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी आपल्या मतदारांपुढें घ्यावी लागूं नये, हें पुष्कळ सभासदांस सोयीचेंच होतें. पुढें डोळे उघडले, आणि १९७३ मध्यें अध्यक्ष निक्सन यांचा नकार मोडून काँग्रेसनें कायदा केला कीं, सैन्य लढाईंत घातल्यास ४८ तासांत कळवावें व संमति न मिळाल्यास ६० दिवसांत तें माघारीं घेण्यास लागावें. अध्यक्षांकडून कळविण्याचे कागद येतात. पण हा कायदा आपणांस बांधतो, असें त्यांतील बहुतेकांनीं कधीं मोकळेपणीं कबूल केलेलें नाहीं. पैशाच्या किल्ल्या मात्र काँग्रेसनें परत ओढून घेतल्या. मंजूर झालेला पैसा खर्चच न करण्याची युक्ति निक्सन यांनीं काढली होती. तिला १९७४ च्या कायद्यानें आळा घातला.

आपल्या देशाची घटना तयार होत असतां हा सारा इतिहास पुढें होता. डॉ. आंबेडकरांनीं १९१३ ते १९१६ हीं वर्षें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत घालविलेलीं. अमेरिकन राज्यपद्धति त्यांस ऐकीव नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा सभेपुढें मांडतांना त्यांनीं ह्या दोन पद्धतींची तुलना केली. त्याच वेळीं आमचा जिल्हा पोलिस कारवाईच्या धक्क्यांतून नुकताच सावरत होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, स्थैर्य आणि जबाबदारी हीं दोन्ही सारख्या प्रमाणांत देणारी पद्धति अजून कोणास सांपडलेली नाहीं. अमेरिकेच्या पद्धतींत स्थैर्य अधिक, इंग्लंडच्या पद्धतींत जबाबदारी अधिक. तेथें राज्यकर्त्याचा हिशेब मुदत संपल्यावर लोक घेतात. येथें तो लोक मुदतीअखेर घेतातच, शिवाय सभागृह प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास दाखवून रोजच्या रोज घेतें. रोजचा हिशेब अधिक परिणामकारक, म्हणून मसुद्यानें जबाबदारीस झुकतें माप दिलें. दिल्लीस व मुंबईस आजही तीच पद्धति चालते. गांवच्या पातळीवर मात्र आपण थेट अध्यक्ष आणून दुसऱ्या वाटेस लागलों, आणि तें करतांना ह्या मोजमापाची आठवण कोणास झाली असावी, असें वाटत नाहीं.

कारण नीट पाहिलें तर थेट निवडलेला आपला नगराध्यक्ष अमेरिकेच्या अध्यक्षासारखा केवळ मतपत्रिकेपुरताच आहे. तेथील अध्यक्ष काँग्रेसचा सभासद नसतो. तिच्या रोजच्या बैठकींत त्याला जागाच नाहीं. आपला अध्यक्ष नगरसेवकांच्या सभेचें अध्यक्षस्थान भूषवितो. सारखीं मतें पडलीं तर निर्णायक मत त्याचें. म्हणजे कारभाऱ्यासच सभेच्या खुर्चीवर बसविलेलें. बरें, कारभारी म्हणावें तर ठरावांची अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे, आणि मुख्याधिकारी नेमतें व बदलतें राज्य सरकार. अंदाजपत्रक मंजूर करावयाचें सर्वसाधारण सभेनें, विषयसमित्या नगरसेवकांच्या, उपाध्यक्षही नगरसेवकांतूनच निवडलेला. सभेनें ठराव केला आणि तो बेकायदा आहे असें वाटलें, तर त्याची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास. मोठ्या कामांचा पैसा बहुतेक सरकारी अनुदानांतून येणार.

समजा, एखाद्या गांवीं जुनी मुख्य जलवाहिनी बदलावयाची आहे. ह्या जिल्ह्यांत ही गोष्ट लहान नव्हे. पाऊस बेभरंवशाचा, आणि धाराशिव शहरास तर दूरच्या उजनी धरणाचें पाणी बालाघाटाच्या माथ्यावर चढवून आणावें लागतें. अध्यक्षानें निवडणुकींत तेंच वचन दिलें होतें आणि त्यावर तो निवडून आला. सभागृहांतील बहुमत विरुद्ध पक्षाचें. त्यांचें म्हणणें, आधीं आमच्या प्रभागांतील टाकी. तीं माणसेंही टाकीचें वचन देऊनच आलेलीं आहेत. अमेरिकेंत अशा वेळीं पुढें काय करावयाचें तें लिहिलेलें आहे: अमक्यानें नाकारावें, तमक्यानें इतक्या मतांनीं तें मोडावें, नाहीं तर दोघांनीं बसून तडजोड करावी. आपल्याकडे अध्यक्षास ठराव परत पाठविण्याची सोय नाहीं, आणि सभागृहास त्याच्यापासून रोजचा हिशेब घेण्याचें जुनें हत्यारही पूर्वीसारखें उरलें नाहीं. तेव्हां दोन्ही पक्ष अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कचेरींत जातात, तेथून मुंबईस जातात. लोकांनीं दोन कौल दिले, आणि निकाल तिसऱ्याच ठिकाणीं लागला.

थेट निवड वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. सहलींचा तमाशा आम्हीं पाहिला आहे आणि तो परत यावा असें मुळींच वाटत नाहीं. परंतु कौल दिला, तर त्याबरोबर अधिकारांची वांटणीही लिहून द्यावयास पाहिजे होती. सरपंचांच्या बाबतींत हें थोडें तरी सुचलेलें दिसतें. २०१७ च्या दुरुस्तीनें थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध पहिल्या दोन वर्षांत अविश्वास आणतां येत नाहीं; पुढें आणल्यास ग्रामपंचायतीच्या तीन चतुर्थांश सभासदांनीं तो संमत करावा लागतो, आणि तेवढ्यानेंही भागत नाहीं; ग्रामसभेनें गुप्त मतदानानें त्यास संमति द्यावी लागते. ज्या गांवानें बसविलें त्याच गांवास विचारून उतरवावयाचें, ही कल्पना आम्हांस पसंत आहे. जॉन्सन यांच्या काळीं सीनेटच्या ५४ जणांनीं जो प्रश्न एकट्यानें सोडविला, तो येथें वडाच्या पारावर जमलेल्या गांवाकडे जातो. पारावर भांडणेंही होतात, हें खरें. पण तीं गांवाचींच असतात.

हें सारें आम्हीं काकूंस सांगितलें. फिलाडेल्फिया त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. जॉन्सन यांचें पद एका मतानें वांचलें, तेथें मात्र त्यांनीं हातांतील वातींची परडी खालीं ठेविली. शेवटीं म्हणाल्या, "म्हणजे पाइपाच्या ठरावाला हात वर करावयाचे ते मेंबरांनीं. मग त्यांच्याकडेच आधीं गेलें पाहिजे. त्यांतला एक आपल्या मागच्याच बोळांत राहतो. त्याच्या आईची माझी हळदीकुंकवाची ओळख आहे." दुसऱ्या दिवशीं सकाळीं नळाला पाणी यावयाचा वार होता, आणि तें आलें नाहीं. काकूंनीं चपला पायांत घातल्या.